तासाच्या आधीचं ग्रंथालय

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांची ग्रंथालयं ओस पडल्याची बातमी आपल्या अंकात गेल्या आठवड्यात वाचली. सोबत रिकाम्या खुर्च्यांचं छायाचित्र होतं आणि खाली मोबाइलवेड्या विद्यार्थ्यांच्या नावाने नेहमीचा उसासा. बातमी खोटी नाही. पण ती लिहिणाऱ्याने एक प्रश्न विचारला नाही, तो असा की या ग्रंथालयांत प्राध्यापक येतात का, आणि येत नसतील तर का. पोरांनी वाचावं की नाही ते पोरांना वर्गात काय मिळतं यावर ठरतं, आणि वर्गात काय मिळतं ते पुष्कळदा तासाच्या आधी ग्रंथालयात ठरलेलं असतं.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झालो. त्यातली पंधराएक वर्षं बरी शिकवली असं मला वाटतं. त्याचं अर्ध श्रेय आमच्या ग्रंथपाल मॅडमचं आहे. हे त्या नोकरीत असताना मी कधी उघड बोललो नाही, म्हणून आता लिहितो.

मॅडमची पद्धत अशी. जूनमध्ये प्रत्येक विभागाकडून अध्यापनाच्या नियोजनाची एक प्रत मागून घ्यायची. आम्ही ती प्राचार्यांना दाखवण्यापुरती लिहायचो. ती खरोखर वाचणारी व्यक्ती कॉलेजात एकच होती. मग ऑगस्टमध्ये कधीतरी व्हरांड्यात गाठून विचारायच्या, "सर, तुमची रोजगार हमी पुढच्या आठवड्यात ना? मग आज चहाच्या सुट्टीत या."

एकदा असंच गेलो तर टेबलावर तीन वस्तू काढून ठेवलेल्या. पहिली म्हणजे १८८४ साली छापलेलं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या पानांत वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या घातलेल्या. दुसरी, १९७२-७३ च्या कात्रणांची फाइल, कडा तपकिरी झालेली. तिसरी, भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्राचा परिभाषा कोश. चौथी गोष्ट त्यांनी तोंडी सांगितली. "तुमच्या पगारपत्रकात व्यवसाय कर कापलेला असतो ना, तो दाखवा पोरांना. तो याच्यासाठीच बसवला होता."

खरंच की. १९७५ चा व्यवसाय कर रोजगार हमीचा पैसा उभा करण्यासाठी आला. दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे असे वर्षाचे अडीच हजार रुपये कापले गेले की मी नुसता चरफडत असे. अर्थशास्त्राचा प्राध्यापक असून ते पगारपत्रक वर्गात न्यावं हे मला सुचलं नव्हतं.

त्या दिवशी वर्गात मी पुस्तक उघडलंच नाही. आष्टीचा तलाव आमच्या निम्म्या पोरांनी पाहिलेला, सहलीला जाऊन आलेली. तो त्या जुन्या दुष्काळातल्या कामावर सुरू झाला हे गॅझेटियरमधून वाचून दाखवलं. तिथून बहात्तरच्या दुष्काळावर आलो. खडी फोडायची कामं, मजुरांना वाटलेली सुकडी, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना, १९७७ चा कायदा, २६ जानेवारी १९७९ पासून त्याची अंमलबजावणी. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, माझी आजी खडीवर होती. तिच्या बोटाला अजून वण आहे." पुढच्या तासाला ती आजीने सांगितलेलं चार पानं लिहून घेऊन आली. मॅडमनी ती पानं मागून घेतली आणि कात्रणांच्या त्याच फाइलीत लावली. पुढच्या वर्षी मी तो विषय घेतला तेव्हा फाइल चार पानांनी जाड होती.

परिभाषा कोश कशासाठी, तेही सांगतो. आमची पोरं मराठी माध्यमाची. एकाच कल्पनेला एका क्रमिक पुस्तकात 'संधी खर्च', दुसऱ्यात 'वैकल्पिक खर्च', आणि प्रश्नपत्रिका काढणारा 'परिव्यय' वापरणारा निघाला की पोरगं तिथेच अडतं. येणारं उत्तर सोडून देतं. मॅडमनी अशा समानार्थी शब्दांची एक यादी करून काउंटरच्या काचेखाली सरकवून ठेवली होती. पुस्तक बदलायला आलेला विद्यार्थी उभ्या उभ्या ती वाचायचा. हे काम खरं तर आम्हा विषयशिक्षकांचं.

वर्गात साठ विद्यार्थी आणि ग्रंथालयात पुस्तकाच्या दोन प्रती, हे आमच्याकडचं कायमचं गणित. त्यावर राखीव कपाट हा एक उपाय होता. त्या आठवड्याच्या विषयाची पुस्तकं तिथे, जागेवर बसून वाचायची, घरी न्यायची नाहीत. दुसरा उपाय झेरॉक्स, पण त्याला आम्ही घाबरायचो, कॉपीराइटचं लचांड नको म्हणून. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेला खटला २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात प्रकाशकांच्या विरोधात गेला. अध्यापनासाठी लागणारी प्रकरणं एकत्र करून देणं कायद्याच्या सवलतीत बसतं असं न्यायालयाने मानलं. ही बातमी स्टाफरूमच्या फळ्यावर चिकटवून मॅडमनी खाली लाल पेनने लिहिलं, 'आता तरी वाचन साहित्य द्या.' दोघांनीच दिलं. त्या दोघांत मी होतो, हे सांगायचा मोह आवरत नाही.

आता पैशाची आणि पदोन्नतीची गोष्ट. प्राध्यापकाला बढतीसाठी शोधनिबंध लागतात, आणि या गरजेवर बनावट नियतकालिकांचा धंदा चालतो. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली, तेव्हा धंदेवाल्यांनी यादीतल्या खऱ्या नियतकालिकांच्याच नावाने खोटी संकेतस्थळं काढली. माझ्या एका तरुण सहकाऱ्याला असंच पत्र आलं. चार दिवसांत छापतो, अठराशे रुपये भरा. नाव यादीतलं, नियतकालिकाची ओळख सांगणारा आयएसएसएन क्रमांकही बरोबर. तो पैसे भरायला निघाला होता. मॅडम आत गेल्या, त्या त्रैमासिकाचा छापील अंक घेऊन आल्या आणि संगणकाच्या पडद्याशेजारी उघडून धरला. संपादक वेगळे, पत्ता वेगळा, आणि संकेतस्थळाच्या नावात मध्येच एक आडवी रेघ जास्तीची. "छापील अंकाची वर्गणी बंद करा असं ग्रंथालय समितीत कोण म्हणत होतं हो?" त्यांनी विचारलं. तोच म्हणाला होता. अठराशे वाचले आणि नावही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती यादीच बंद केली. आता खरं-खोटं ज्याने त्याने, ज्या-त्या संस्थेने पारखायचं. म्हणजे हे काम करणाऱ्या माणसाची गरज वाढली.

आणि नेमकी आमच्याकडे ती व्यक्ती नाही. मॅडम मे २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. पद रिकामं. कार्यभार लेखा विभागातल्या लिपिकाकडे, किल्ली त्याच्या खिळ्यावर. तो भला माणूस आहे. पुस्तक देतो, घेतो, दंड लावतो. पण त्याला नियोजनाची प्रत कुणी देत नाही आणि त्याने ती मागावी अशी अपेक्षाही नाही.

याचा अर्थ काय होतो ते मला २०२४ च्या जूनमध्ये कळलं. नवीन शैक्षणिक धोरण त्या वर्षी आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयांत पदवीला लागू झालं. भारतीय ज्ञान प्रणाली या नव्या विषयाचे तास माझ्या वाट्याला आले, बहुधा मी निवृत्तीला आलो होतो म्हणून. अभ्यासक्रमाची दोन पानं हातात, पाठ्यपुस्तक नाही. म्हटलं, आपण कौटिल्यावरून शिरू. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' या ग्रंथाची आवृत्ती, मुंबई विद्यापीठाने तीन भागांत काढलेली, आमच्या ग्रंथालयात आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. अर्थशास्त्राच्या कपाटात नाही. राज्यशास्त्रात नाही. इतिहासात नाही. दोन दुपारी गेल्या. शेवटी एका यूट्यूब व्हिडिओवरून टिपणं काढली आणि वेळ मारून नेली. दिवाळीनंतर ग्रंथालयातले शिपाई मामा झाडलोट करताना तिन्ही भाग घेऊन आले. संस्कृतच्या कपाटात, अगदी वरच्या फळीवर होते. मॅडम असत्या तर खुर्चीवरून न उठता बोट दाखवलं असतं.

वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी एक. ती १९३१ मध्ये मांडणारे एस. आर. रंगनाथन मुळात मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत, १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. शिक्षकाला काय लागतं हे त्यांना आतून माहीत असणार. १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, त्यांच्या तसबिरीला आमच्याकडे आजही हार घातला जातो. ग्रंथपाल नसलेल्या ग्रंथालयात.

सगळं आता ऑनलाइन आहे, ग्रंथपाल हवाच कशाला, असं संस्थाचालक म्हणतात. ऑनलाइन आहे, मान्य. ग्रंथालयांना जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट योजना महाविद्यालयांना सहा हजारांवर नियतकालिकं वार्षिक शुल्कात देते. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरचे प्रबंध फुकट आहेत. मराठी विश्वकोश तर वाईहून थेट मोबाइलवर आला. पण एन-लिस्टसाठी प्रत्येक शिक्षकाचं खातं महाविद्यालयातल्या कुणीतरी उघडून द्यावं लागतं. आमच्याकडे २०२३ नंतर रुजू झालेल्या एकाही शिक्षकाचं खातं मी असेपर्यंत उघडलेलं नव्हतं. शुल्क मात्र वेळेवर भरलं जात होतं, कारण महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलीत पावती लागते. त्याच फाइलीसाठी ग्रंथालयात येणाऱ्यांची नोंदवही एका रात्रीत तीन रंगांच्या पेनांनी भरताना मी पाहिली आहे. संपादक महोदय, आपल्या बातमीतल्या रिकाम्या खुर्च्या कागदावर खचाखच भरलेल्या असतात.

केंद्राची 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार नियतकालिकं. काम मोठं आहे, पण ते केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी. महाराष्ट्रात खेड्यापाड्यातली पोरं शिकतात ती बहुतेक खाजगी संस्थांच्या अनुदानित महाविद्यालयांत, आणि ती महाविद्यालयं या योजनेबाहेर आहेत. त्यांनाही आत घ्या, अशी मागणी राज्याने लावून धरायला हवी.

प्राध्यापकांचंही चुकतं. निवृत्तीच्या वेळी ना-देय दाखला घ्यायला गेलो तर माझ्या नावावर चौदा पुस्तकं निघाली, त्यातलं एक २००९ पासून. पुस्तकांच्या शिफारशींचे कोरे फॉर्म वर्षानुवर्षं स्टाफरूममध्ये पडून असत. मग मार्चअखेर विक्रेता ठरवी ती पुस्तकं येत. विद्यार्थी वाचत नाहीत म्हणणाऱ्या आम्हा लोकांना ग्रंथालय समितीच्या बैठकीला मात्र वेळ नसे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत महाविद्यालयीन ग्रंथपालाची सुरुवातीची वेतनश्रेणी सहायक प्राध्यापकाइतकीच आहे. पात्रतेची अटही तशीच, पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेटसारखी पात्रता परीक्षा. मग विभागाच्या बैठकीत त्याला खुर्ची का नसते? रिकामी पदं भरा, हे सरकारला सांगून झालं आहे आणि पुन्हा सांगावं लागेल. पण ज्या महाविद्यालयांत आज ग्रंथपाल आहे, तिथे जूनमध्ये नियोजनाची एक प्रत त्याच्या टेबलावर पोचवायला शासननिर्णय लागत नाही.

एक विनंती आपल्याकडेही आहे. मॅडमची कात्रणांची फाइल मी निवृत्त होण्याआधी शोधली, सापडली नाही; रद्दीत गेली असावी. त्यातली बरीच कात्रणं आपल्याच दैनिकाची होती. १९७२ आणि ७३ च्या आपल्या अंकांच्या बांधीव फायली कार्यालयात असतील, तर जिल्ह्यातल्या शिक्षकांना त्या बसून पाहता येतील का? एखादा वार आणि वेळ ठरवून कळवलंत, तर पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन मी येतो. त्या मुलीच्या आजीची चार पानं मात्र पुन्हा तिच्याकडूनच लिहून घ्यावी लागतील.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, जि. सोलापूर
(नाव व पत्ता कळवला आहे, कृपया छापू नये.)