नोकरी का सोडली, ते सविस्तर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर नुसतं "नोकरी सोडली" एवढंच सांगून झालं, का ते राहून गेलं.

बाबा, सिनेमाच्या पडद्यावरचा पूर, राक्षस हे सगळं आमच्याकडचे चित्रकार संगणकावर करायचे. मी त्यांच्यामागची यंत्रणा लिहायचे, बरीचशी पायथॉन या संगणकाच्या भाषेत. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १,४४०. पाण्याची एकेक अवघड फ्रेम तयार व्हायला आठ तास लागले, तर एकट्या मशीनला त्या मिनिटासाठी ४८० दिवस लागतील! म्हणून शेकडो मशीनचा रेंडर फार्म असतो. कुठली फ्रेम कुठल्या मशीनला द्यायची, मध्येच एखादं बंद पडलं तर अर्धी राहिलेली फ्रेम पुन्हा रांगेत कशी लावायची, हे मी बघायचे. फार जीव होता त्या कामावर.

पण त्या धंद्यात रक्कम आधी ठरते आणि बदल शेवटपर्यंत येत राहतात. काम लंडनला जाणार की व्हँकूव्हरला, हे तिथलं सरकार करात किती सूट देतं यावरही ठरतं. २०२३ च्या मे महिन्यात हॉलिवूडचे लेखक संपावर गेले, जुलैत नटनट्याही गेल्या, आणि इकडे गोरेगावात आमचं काम आटलं. त्यांच्या मागण्या रास्तच होत्या. मला मात्र स्वतःच्या हातात राहील असं काहीतरी हवं होतं.

म्हणून देवगडच्या आंबा बागायतदारांसाठी वेबसाइट. पेटीची ऑर्डर, यूपीआयने पैसे, पार्सल कुठवर आलं त्याची खबर. आत रांग तीच, फक्त फ्रेमच्या जागी ऑर्डर. फ्रेम चुकून दोनदा रेंडर झाली तर वीज फुकट जायची. इथे पैसे दोनदा कापले गेले तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकणार नाही. म्हणून प्रत्येक ऑर्डरला आधीच नंबर पडतो. नेट अडकलं आणि कुणी वैतागून चारदा बटण दाबलं, तरी त्या नंबरवर पैसे एकदाच जातात. हे जमलं त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला.

आई, सिनेमाच्या शेवटी माझं नाव शोधायला तू थिएटरात दिवे लागेपर्यंत थांबायचीस. त्याचं तुला वाईट वाटणार, मलाही वाटतं. आणि हंगाम संपल्यावर काय, ही तुमची काळजी खरी आहे. पावसाळ्यापासून कोकम, काजू, आंबापोळी घेणार आहे.

बाबा, मामाला विचारून कळवा: पाच डझनी पेटीचा भाव नगावर लावू की वजनावर? फळ लहान-मोठं असलं की तो काय करतो?

तुमची,
मनू