पाव तास की तीन मिनिटं?

मा. संपादक,
स. न.

गेल्या महिन्यात आमच्या दीड वर्षाच्या पोराला तापात झटका आला. मी कारखान्यावर रात्रपाळीला, घरी आई आणि बायको. डोळे वर, दातखीळ, हातपाय ताठ. शेजारच्या मावशींनी कांदा फोडून नाकाशी धरला, आई दातांत चमचा घालत होती.

आधी नेलं त्या दवाखान्यात पोराला नीट तपासायच्या आतच ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) आणि एमआरआय (मेंदूचा स्कॅन) यांची चिठ्ठी हातात पडली. यंत्रमागावरच्या माणसाचा पगार त्यातच गेला असता. दुसरीकडच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी ती बाजूला ठेवून विचारलं, "झटका किती वेळ होता? सगळ्या अंगाला की एकाच बाजूला? नंतर आईला ओळखलं का?" मावशी म्हणाल्या पाव तास. आई म्हणाली अर्धा. शेवटी मोबाइलने साक्ष दिली. बायकोचा पहिला फोन ९.१२ चा, दुसरा ९.१५ चा, त्यात मागे पोराचं रडणं मला ऐकू आलं होतं. जेमतेम तीन-चार मिनिटं!

मूल सहा महिने ते पाच वर्षांचं, एरवी धडधाकट, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, झटका सगळ्या अंगाला, १५ मिनिटांच्या आत थांबलेला आणि २४ तासांत पुन्हा न आलेला, तर तो साधा तापातला झटका. ती फिट्सची व्याधी नव्हे. त्याला ईईजी-स्कॅन लागत नाही. ताप कशाने आला ते शोधायचं. आमच्या पोराला तो कानाच्या दुखण्याने आलेला निघाला.

मात्र एकाच बाजूचा किंवा लांबलेला झटका, ताठ मान, नंतरही शुद्धीवर न येणारं मूल, अशा वेळी तपासण्या हव्यातच. तपासणीसाठी पाठीच्या मणक्यातलं पाणी सुईने काढायचं म्हटलं की आपल्याकडे लोक पोर उचलून पळतात. मेंदूज्वर त्याशिवाय कळायचा कसा?

लसीकरणाच्या दिवशी बायका तासभर ओळीत बसलेल्या असतात. तिथेच, आणि सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात तेलुगूतूनही, एवढं सांगावं: मूल कुशीवर करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, जमलं तर मोबाइलवर चित्रण करा, पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. दर तीन मुलांतल्या एकाला झटका पुन्हा येतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

मावशींच्या मते मात्र पोर कांद्यानेच शुद्धीवर आलं.

– एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर