बांगड्यातला जंत आणि खोक्यातला बर्फ

भुसावळ
४ मे

प्रिय सुरेश,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. सहा बांगडे चिरले, त्यातल्या दोन बांगड्यांच्या पोटात पांढरे जंत निघाले आणि वहिनींनी सहाही उकिरड्यावर टाकायला लावले. भो, टाकायची गरज नव्हती.

दोन-अडीच सेंटिमीटर लांब, दोऱ्याएवढा बारीक, आतड्यावर चपट्या जिलबीसारखं वेटोळं करून बसलेला, असं तू लिहितोस. म्हणजे तो बहुधा अ‍ॅनिसाकिस, नाहीतर त्याचाच भाऊबंद. मासा सडल्यामुळे तो झालेला नाही, जिवंतपणीच आत होता. माशीची अळी वेगळी. ती आखूड, जाड असते आणि तोंडाशी, कल्ल्यांत वळवळते. ती दिसली तर मात्र मासा घ्यायचाच नाही.

या जंताचं खरं घर म्हणजे देवमासा आणि डॉल्फिन यांचं पोट. त्यांच्या विष्ठेतून अंडी समुद्रात पडतात, अळी कोळंबीसारख्या बारीक जीवांत शिरते, त्यांना बांगडा खातो आणि बांगड्याला पुन्हा डॉल्फिन. आपण या साखळीत बसतच नाही. माणसाच्या पोटात तो वाढत नाही, अंडी घालत नाही. हतनूर धरणाच्या कटला-रोहूतही तो सापडायचा नाही, कारण तापीत डॉल्फिन कुठून आणणार?

जिवंत अळी पोटात गेली तरच त्रास. ती जठराच्या अस्तरात तोंड खुपसते, काही तासांत पोटात जबर कळ येते, मळमळतं. मग डॉक्टर दुर्बीण घालून चिमट्याने ती ओढून काढतात. हा आजार नीट ओळखला गेला तो १९६० मध्ये, नेदरलँड्समध्ये, कच्चा हेरिंग मासा खाणाऱ्यांत. जपानात व्हिनेगरमध्ये मुरवलेला कच्चा बांगडा खातात, तिथेही तो होतो. म्हणून लिंबू-मीठ चोळून अर्धा तास ठेवलं की जंत मरतो, हे मनातून काढून टाक. जठराच्या आम्लाला न जुमानणारा जीव लिंबाला काय भीक घालणार!

मारते ती उष्णता. माशाच्या गाभ्यात ६० अंश एक मिनिटभर मिळाले की खेळ संपला. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शात तुकडे टाकून उकळी आल्यावर आठ-दहा मिनिटं ठेवलेस तर शंकाच नको. तव्यावर तळताना मात्र घोळ होतो. अख्खा बांगडा जाड असतो. मोठ्या आचेवर रवा लाल होतो आणि काट्यालगतचं मांस गुलाबीच राहतं. दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा दे, मध्यम आचेवर प्रत्येक बाजू पाच मिनिटं. मांस काट्यापासून अलगद सुटलं पाहिजे.

गोठवण्याचं विचारलंस. उणे २० अंशांवर सात दिवस, हा भरवशाचा हिशेब. घरच्या एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा तेवढा गार होत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नकोस.

साफ करताना गुदद्वारापासून कल्ल्यांपर्यंत उथळ चीर दे. सुरी खोल गेली की आतडं फाटतं आणि सगळी घाण मांसाला लागते. आतडी, काळीज, गाबोळी एकत्रच ओढून काढ. कण्यालगतची काळी रक्ताची रेघ नखाने खरवड. मासा मेल्यावर पोट साफ करायला वेळ लागला, तर काही अळ्या पोटाच्या पातळ पट्टीत शिरतात. ती पट्टी टॉर्चच्या उजेडासमोर धरून बघ, शंका आली तर कापून टाक.

एक अडचण शिजवूनही जात नाही. काहींना या जंताचीच अ‍ॅलर्जी असते. मेलेल्या जंतानेही अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात. घरात कुणाला तसं होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखव, तोवर समुद्राची मासळी बंद.

आणि खरं सांगू, आपल्या खान्देशात बांगड्याची भीती बाळगायची तर जंतापेक्षा उन्हाची बाळग. मासळी किनाऱ्यावरून इथवर येते आणि मे महिन्यात पारा ४४ वर. बर्फ वितळला की बांगड्यात हिस्टामिन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. जीभ मिरची लागल्यासारखी चुरचुरते, चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. जंत उकळून मरतो, हे उकळूनही जात नाही. म्हणून खोक्यात माशाच्या वजनाइतका बर्फाचा चुरा आहे का ते बघ, डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, कल्ले लाल, पोट दाबल्यावर टणक. पोट फुटलेला बांगडा निम्म्या भावात मिळाला तरी नको. घरी नेतानाही पिशवीत बर्फ मागून घे, दुकानदार देतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विलास