नववीच्या वर्गात अख्खी कादंबरी वाचून होते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, स्थूलवाचनाला (सलग वाचून आशय समजून घ्यायच्या पाठांना) ६ गुण आहेत. त्यामुळे आठवी-नववीतही वेळापत्रक ओढाताणीचं झालं की पहिला बळी जातो तो स्थूलवाचनाचा तास. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती पडतो फक्त उतारा आणि त्याखालचे प्रश्न. पण किशोरांच्या कादंबरीतलं पात्र उताऱ्यात बदलत नाही, बदलायला त्याला शंभर पानं लागतात. म्हणून निदान नववीत तरी एक अख्खं पुस्तक वर्गात वाचून व्हायलाच हवं.

वेळ कुठून आणायचा, याचा हिशेब मांडू. तास ३५ मिनिटांचा. पहिली दहा मिनिटं शिक्षकाने मोठ्याने वाचावं, मिनिटाला ११० शब्दांच्या संथ गतीने चार पानं होतात. पुढची पंधरा मिनिटं मुलांनी गटात वाचावं. त्यांची गती कमी, तरी आणखी चार पानं होतात. उरलेली दहा मिनिटं बोलण्याला आणि वहीत दोन ओळी लिहिण्याला. तासाला आठ पानं धरली तर सव्वाशे पानांच्या पुस्तकाला सोळा तास, म्हणजे आठवड्याला दोन तासांनी आठ आठवडे.

गट चौघांचाच असावा. एका प्रतीभोवती सहा जण बसवले की कडेच्या दोघांना अक्षर दिसत नाही आणि तिथूनच गडबड सुरू होते. ४८ मुलांच्या वर्गाला १२ प्रती लागतात. २०० रुपयांचं पुस्तक धरलं तर २,४०० रुपये. अडखळत वाचणारी दोन-चार मुलं नववीतही असतातच. त्यांना अख्ख्या वर्गासमोर अचानक उभं करू नये, ती पुस्तकच टाकून देतात. आदल्या दिवशी एखाद्या पात्राचे संवाद तयारीला द्यावेत.

आपल्या खानदेशात महिना बघूनच पुस्तक घ्यावं लागतं. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते, नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं मजुरीसाठी गुजरातेत जातात आणि पट मोठा असूनही बाकं रिकामी दिसतात. चार दिवस न आलेल्या मुलाचा कादंबरीतला धागा तुटला की तो पुन्हा जोडला जात नाही. म्हणून कादंबरी जुलैत सुरू करून सहामाहीच्या आत संपवावी. श्रावणातल्या कानबाई या देवीच्या उत्सवातला विसर्जनाचा सोमवार सोडूनच द्यावा. दुसऱ्या सत्रात एका तासात संपणाऱ्या कथा घ्याव्यात. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात, त्यांतली कथा छापून घेतली की भागतं. गैरहजर मुलांसाठी रोज एका गटाने ‘काल काय झालं’ याच्या पाच ओळी कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात.

निवडीत मोठी चूक होते ती वयाची. नववीला पाचवीची साहसकथा दिली जाते, कारण ती निर्धोक वाटते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) नववीतल्याच मुलाने सांगितलेली, आणीबाणीच्या काळातली गोष्ट आहे. तिच्यात प्रेम आहे, मुलांच्या तोंडच्या शिव्या आहेत, चुकणारी मोठी माणसं आहेत. ती तीनशे पानांच्या आसपासची, म्हणून वर्गात तिची निवडक प्रकरणं वाचून बाकीचं घरी द्यावं लागेल. ‘अवघड’ पानं मात्र गाळू नयेत, मुलं नेमकी तीच आधी शोधतात आणि शिक्षकावरचा विश्वास जातो. शिक्षकाने पुस्तक आधी पूर्ण वाचावं आणि मुख्याध्यापकांना व पालकसभेला आधीच सांगून ठेवावं. नंतरच्या तक्रारी बहुतेक या एका गोष्टीने टळतात.

‘यातून कोणता बोध मिळतो?’ हा प्रश्न तर बंदच करावा. त्याचं उत्तर मुलांना पुस्तक न वाचताही येतं. ‘तुला या मुलाचा राग कोणत्या पानावर आला? ते वाक्य दाखव.’ ‘त्याला अजून न कळलेलं तुला काय कळलं?’ असं विचारावं. दुसऱ्या प्रश्नातून ‘मी’ने सांगितलेली गोष्ट कशी चालते, ते व्याख्येशिवाय समजतं. चर्चा मुलांच्या घरच्या बोलीत, म्हणजे अहिराणीत, पावरीत, लेवा गणबोलीत होऊ द्यावी, लिहिणं प्रमाण मराठीत. बोलतानाच भाषा सुधारत बसलं की मुलं गप्प होतात.

वाचननोंदीत सारांश मागू नये, तो गाइडमधून किंवा मोबाइलवरून उतरतो. तारीख, पानं, आवडलेलं एक वाक्य पानाच्या क्रमांकासह आणि स्वतःचा एक प्रश्न, एवढंच लिहायला सांगावं. आठवड्याला १२ वह्या तपासल्या तर महिन्यात सगळा वर्ग होतो. ही नोंद अंतर्गत मूल्यमापनात धरावी, म्हणजे तासालाही आधार मिळतो.

साने गुरुजींनी अमळनेरला शिक्षक असताना १९२८ साली मुलांसाठी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं होतं. त्याच खानदेशात आज बऱ्याच शाळांतली पुस्तकं कुलपात आहेत. त्याचं मूळ बहुतेक वेळा एका भीतीत असतं: प्रत हरवली तर भरपाई शिक्षकाच्या पगारातून होईल. ‘समग्र शिक्षा’ या केंद्र सरकारच्या शालेय शिक्षणाच्या योजनेत सरकारी शाळांच्या ग्रंथालयासाठी अनुदानाची तरतूद आहे, खाजगी शाळांत संस्थाचालकांनी हा खर्च उचलावा. १२ लागत असतील तर १४ प्रती घ्याव्यात. वर्षाला एक-दोन फाटणार हे धरून मुख्याध्यापकांनी जूनमध्येच लेखी कळवावं, की वापरात फाटलेल्या वा हरवलेल्या प्रतींचं निर्लेखन होईल, म्हणजे नोंदवहीतून त्या रीतसर कमी केल्या जातील, शिक्षकाकडून वसुली होणार नाही.

आपला,
एक मराठी विषयशिक्षक, चोपडा (जि. जळगाव)