स्लोवर न टिकणाऱ्या मशीनविषयी

पुणे

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

होडीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड मशीनविषयी तू फोनवर दोन तक्रारी सांगितल्यास. सकाळी मशीन लवकर धरत नाही, आणि धरल्यावर रेस कमी केली की स्लोवर, म्हणजे सर्वांत कमी रेसवर, बंद पडते. कोणीतरी स्लोचा स्क्रू फिरवून रेस वाढवून दिली आणि आता ते चालते, असेही म्हणालीस. ते मात्र मला पटलेले नाही. रेस वाढवल्याने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. वाढलेल्या रेसवर गिअर टाकताना जो खटका बसतो, तो खालच्या गिअरपेटीतल्या क्लचच्या दातांवर बसतो, आणि ते दात झिजले तर येणाऱ्या खर्चापुढे कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, साफ करणे काहीच नाही. शिवाय कर्ली नदीच्या मुखाशी लाट पाहून रेस कमी करावीच लागते, आणि नेमके तेव्हा मशीन बंद पडले तर होडी लाटेला आडवी होते. म्हणून तो स्क्रू पूर्वीच्या जागी आण आणि मग मूळ शोधायला लाग.

माझा पहिला संशय पेट्रोलवर आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मशीन पडून होते आणि टाकीही रिकामी केलेली नव्हती. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेते; पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच ओढते. टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हापासून दूर स्थिर ठेव. खाली वेगळा थर दिसला, तर ते सगळे पेट्रोल बाजूला काढ. वरचे चांगले दिसते म्हणून वापरू नकोस. मशीन टू-स्ट्रोक आहे, म्हणून नवे पेट्रोल भरताना त्यात लिटरला २० मिलिलिटर तेल, म्हणजे ५०:१ हेच प्रमाण ठेव, आणि तेल स्कूटरचे नव्हे, आउटबोर्डसाठीचे टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे घे.

आता टाकीतून मशीनकडे पेट्रोल नेणाऱ्या पाइपातल्या रबरी फुग्याकडे ये, कारण अर्धे निदान तिथेच होते. फुग्यावरचा बाण मशीनकडे हवा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करून फुगा दाब. काही दाबांत तो कडक झाला पाहिजे. कडकच होत नसेल, तर टाकी आणि फुगा यांच्यामधून कुठून तरी हवा ओढली जाते आहे किंवा फुग्यातला झडप गेला आहे, म्हणून दोन्ही टोकांचे क्लिप आणि ओ-रिंग (रबरी कडी) तपास. मशीन चालू असताना फुगा आपोआप चपटा होत असेल, तर हवेचा स्क्रू बंद राहिला आहे किंवा टाकीतल्या नळीची जाळी तुंबली आहे. आणि मशीन मरायला लागल्यावर फुगा दाबताच ते पुन्हा सावरत असेल, तर पुरवठा कमी पडतो आहे; पाईप ठीक असतील, तर फ्युएल पंपाचा डायाफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा, ताठर झाला किंवा फाटला आहे असे समज. तिन्ही खुणा वेगवेगळ्या आहेत, त्यांची गल्लत करू नकोस.

फुगा दाबूनही स्लोवर टिकत नसेल, पण वरच्या रेसवर मशीन स्वच्छ ओढत असेल, तर कचरा स्लो जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या कमी रेसला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यात, आहे. वरच्या रेसला पेट्रोल मेन जेटमधून येते, त्याचे भोक मोठे. स्लो जेटचे भोक केसाएवढे, आणि वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर आधी तिथेच बसतो. म्हणूनच थंड मशीन लवकर धरत नाही आणि तेच मशीन स्लोवरही बंद पडते; दोन तक्रारींचे कारण बहुधा एकच असते. कार्बोरेटर उतरवण्यापूर्वी मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेव, आणि टेकल्यावर जोर करू नकोस, नाहीतर त्याची बैठक कायमची बिघडते. जेट काढून उजेडासमोर धर. गोल, स्वच्छ प्रकाश दिसला पाहिजे. तारेने टोचू नकोस. कार्बोरेटर क्लीनर मार आणि पंपाने हवा दे.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर दोन्ही स्पार्क प्लग काढून शेजारी ठेवून पाहा. एक कोरडा तपकिरी आणि दुसरा पेट्रोलने ओला असेल, तर ओल्या प्लगचे सिलिंडर स्लोवर पेटत नाही. आधी प्लगांची अदलाबदल कर. दोष प्लगाबरोबर सरकला तर नवा प्लग घे, तिथेच राहिला तर प्लगवरची टोपी आणि वायर पाहा, कारण खाऱ्या हवेत टोपीच्या आत हिरवट जंग धरतो. करंट पाहताना पेट्रोल आसपास उघडे नको. दोन्ही प्लगांना करंटच नसेल, तर काही उघडण्यापूर्वी बंद करायच्या लाल दोरीची क्लिप नीट बसली आहे का ते पाहा. यात चांगले चांगले मिस्त्री फसतात.

करंटही ठीक आणि जेटही स्वच्छ असताना रेस आपोआप वर-खाली होत राहिली, तर बाहेरची हवा आत शिरते आहे. कार्बोरेटरच्या मागच्या सांध्यावर थोडे टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल सोड; रेस बदलली तर सांध्यातले गॅस्केट (हवा अडवणारी चकती) गेले आहे. न बदलल्यास संशय क्रँकच्या ऑइल सीलवर जातो, आणि ते काम तुझे नाही, मालवणच्या मिस्त्रीकडून करून घे. त्याच्याकडून दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशनही (आतला दाब) मोजून घे. मशीनचे वरचे झाकण काढून ते चालवताना डोक्याचे केस घट्ट बांध, वर फ्लायव्हील उघडा फिरत असतो.

शेवटची जुळणी पाण्याच्या ड्रममध्ये करू नकोस. ड्रममध्ये धूर परत कार्बोरेटरकडे ओढला जातो आणि चांगले मशीनही अडखळते. होडी खाडीत दोन्ही बाजूंनी बांध, मशीन चांगले गरम होऊ दे, गार पाण्याची धार पडते आहे ना ते पाहा, आणि पुढच्या गिअरमध्ये टाकूनच स्लो लाव. मिश्रणाचा स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवून थोडे थांब. ते सावरले की मगच रेसचा स्क्रू पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आण.

डायाफ्राम आणायला जाताना जुना सोबत ने आणि दुकानात दोन्ही एकमेकांवर ठेवून भोके जुळवून पाहा. नुसत्या हॉर्सपॉवरवरून दिलेला भाग बसतोच असे नाही. बाटलीत काय दिसले ते उद्या संध्याकाळी फोनवर सांग.

तुझा,
बाबा