पाठीतल्या मशीनचं अर्धंच छापलं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला पाठीच्या कण्यात वायर अन् चामडीखाली बॅटरी बसवून करंटनं दुखणं थांबवणाऱ्या मशीनवरचा लेख वाचला, डॉक्टर साहेबांच्या हसऱ्या फोटोसकट. आणि सकाळपासून आमच्या ओट्यावर लोकं येऊन राहिले, कारण गावात ती मशीन अंगात असलेला माणूस एकच, आमचा मोठा भाऊ. कोणी म्हणते भाऊ रिमोट दाखवा, कोणी म्हणते आमच्या बुढीच्या गुडघ्यात बसते काय. लेख तुमचा अन् चहा आमचा.

मशीन खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. भावाच्या मणक्यातली गादी सरकली होती, ऑपरेशन झालं, तरी डाव्या पायातली आग गेली नाही, रात्री चादर पायाला लागली तरी ओरडायचा, गोळ्या खाऊन दिवसा पेंगायचा अन् रात्री जागायचा. मशीन बसवल्यावर ती आग आता निम्म्यावर आली, झोपतो बिचारा. कंबर मात्र होती तशीच दुखते, १६ लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घेणं तर विसराच. म्हणजे नसेची आग वेगळी अन् कंबरेचं दुखणं वेगळं, मशीनचा उपयोग झाला तर मुख्यतः पहिल्याला होतो, गुडघ्याच्या झिजेची तर ही मशीनच नाही. एवढी एक ओळ टाकली असती तर ती बुढी शेजारच्या गावावरून ऑटो करून आमच्याकडं आली नसती.

इतिहास मात्र सगळा दिला तुम्ही. १९६५ मधला मेल्झॅक अन् वॉल या शास्त्रज्ञांचा फाटकाचा सिद्धांत, १९६७ मध्ये अमेरिकेत शीली नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा बसवली ते, करंट दिला की मेंदूकडं जाणाऱ्या दुखण्याचं फाटक कसं बंद होते त्याचं रंगीत चित्र. छान आहे चित्र. पण ट्रायल नावाची जी पायरी असते तिला अर्धं वाक्य. अहो तीच तर खरी परीक्षा! सुईतून तात्पुरती वायर आत टाकतात, तिचं टोक पाठीतून बाहेर, बॅटरी कमरेच्या पट्ट्यात, आणि साधारण आठवडाभर पाहायचं की दुखणं निदान अर्धं कमी होते का, तरच पक्की बसवायची, नाहीतर वायर ओढून काढायची अन् घरी जायचं. त्या काळात वाकायचं नाही, वळायचं नाही, आंघोळ नाही, वहिनी ओल्या फडक्यानं अंग पुसून द्यायची. दवाखान्यातून रोज फोन, दुखणं दहापैकी किती? भाऊ म्हणे, "दहापैकी किती ते मले काय समजते, झोप लागली का नाई ते इचारा."

पुढचं ऐका. पक्की बॅटरी कुल्ल्याच्या वर चामडीखाली बसवली, रिचार्जवाली. म्हणजे चार्जर आधी प्लगवर लावून भरायचा, मग पट्ट्यानं त्या जागेवर बांधून बसून राहायचं. आम्ही विचारलं, गावात लाईट नसली तर? तर तो कंपनीचा पोरगा म्हणे इन्व्हर्टर लावून घ्या ना काका. त्या वर्षीच्या वेचणीत भावानं कोणाचं न ऐकता कापसाचं गाठोडं उचललं आणि आतली वायर सरकली, मुंग्या यायच्या बरगडीत अन् पाय पेटलेला तसाच. सेटिंग करायला नागपूर, पोरगा सुट्टीवर असला की परत. इथं कोणाला त्यातलं काही येत नाही, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनी तर रिमोट हातात घेऊन उलटा-सुलटा करून वापस दिला.

आणि ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. तुमच्या लेखात 'पूर्णपणे सुरक्षित' असे शब्द आहेत. तालुक्याला एका ठिकाणी भावाला कंबरेच्या शेकासाठी नेलं, डायथर्मी म्हणतात तो मशीनचा शेक. भाऊ पालथा पडला, पॅड ठेवून झाले, तिथल्या शेकवाल्या मॅडमचा माणूस बटणाकडं हात नेतो तेवढ्यात वहिनी सहज म्हणाली, "यायच्या कमरेत एक मशीन हाये, चालते ना?" त्या माणसानं हात असा काढला की पॅड खाली पडला. मग मॅडम धावत आल्या, भावाच्या मशीनचं कार्ड मागितलं, वाचलं, आणि खुर्ची ओढून बसल्या. हा शेक दिला असता तर आतली वायर तापून मणक्यातल्या नसा भाजल्या असत्या, म्हणे. सक्त मनाई असते. एमआरआयचंही तसंच, कोणत्या मॉडेलला चालतो कोणत्याला नाही ते आधी पाहावं लागते. हे सगळं त्या कार्डासोबतच्या पुस्तकात आहे हो, बारीक इंग्रजीत. भाऊ सातवी, वहिनी चौथी. नागपूरच्या त्या खासगी दवाखान्यात बिल मात्र मराठीत समजावून सांगितलं होतं, दोन वेळा. एक वावर गेलं त्यात.

मग 'पूर्णपणे सुरक्षित' हे कोणी लिहिलं, डॉक्टर साहेबांनी की तुमच्या टेबलावरच्या कोणी? लेख आहे की जाहिरात तेवढं खाली छापत जा, मग आमचं काही म्हणणं नाही.

माझा पुतण्या फार्मसीला आहे, त्यानं मोबाईलवर काढून दाखवलं की २०२२ मध्ये नॉर्वेत मणक्याचं ऑपरेशन होऊनही पाय दुखत राहिलेल्या ५० लोकांवर हीच मशीन काही महिने चालू काही महिने बंद ठेवून पाहिली, चालू की बंद ते त्यांना न सांगता (मुंग्या येत नाहीत असा करंट असतो म्हणे एक), आणि चालू-बंदमध्ये फारसा फरक निघाला नाही. मी भावाला हे सांगितलं तर तो म्हणे माझी बंद करून पाहा मग सांगतो. तोही त्याच्या जागी बरोबर आहे. पण दोन्ही बाजू छापायला काय पैसे पडतात?

जाता जाता अजून एक. तुमच्या तालुक्याच्या पानावर आधी खाली कोपऱ्यात लाईट बंद राहण्याचं वेळापत्रक यायचं. वहिनी ते कापून कॅलेंडरला टाचणीनं लावायची, भावाची बॅटरी कधी भरायची ते त्यावर ठरायचं. आता त्या जागी नेत्यांचे वाढदिवस येतात, फेटा बांधलेले, दर दोन दिवसांनी नवा. वाढदिवस छापा, आमची हरकत नाही, पण ते वेळापत्रक वरच्या बाजूला कुठंतरी परत सुरू करा, आणि शेतीच्या फिडरचं (शेतातल्या लाईटच्या लाईनचं) वेगळं द्या, मागच्या वेळी दोन्हीची सरमिसळ करून छापलं होतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ