चौदा आणे म्हणजे अंदाजपंचे नव्हे

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला फझी लॉजिकवरचा, म्हणजे हो आणि नाहीच्या मधल्या पायऱ्याही मोजणाऱ्या तर्कशास्त्रावरचा, लेख काल हाती आला. लेखक विद्वान आहेत, वादच नाही. पण ‘विज्ञानात एकतर हो, नाहीतर नाही; मधले सगळे अंदाजपंचे’ हे वाचून माझा चहा गार झाला.

त्यांनी एप्रिलात आमच्या आंब्याच्या बागेत यावे. झाडावरच्या गड्याला खालून विचारले तर तो ‘तयार’ की ‘नाही’ असे सांगत बसत नाही, ‘चौदा आणे’ म्हणतो. देठाशी खळगा, खांदे वर आलेले, की झेला, म्हणजे फळ उतरवायची जाळीची काठी, लावायचा. कोवळा काढला तर आढीत, पेंढ्यात पिकताना, सुरकुततो, झाडावर फार ठेवला तर आत साका धरतो, म्हणजे गर बिघडतो. सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार; चौदाला सोळाने भागा, ०.८७५ येते. संचाचे सदस्यत्व, म्हणजे एखादी वस्तू त्या गटात किती बसते ते, शून्य आणि एकच्या मध्ये कुठेही असू शकते, हे फझी लॉजिकचे जनक लोत्फी झादे यांनी १९६५ साली मांडले ते याहून वेगळे काय? आणि याचा अर्थ तो आंबा तयार असण्याची ‘शक्यता’ साडेसत्त्याऐंशी टक्के, असा नव्हे. लेखात हा घोटाळा दोनदा आहे. शक्यता आंबा न बघता सांगायची असते. इथे तो हातात आहे, कापला तरी चौदा आणेच.

हे आणे ठरवायचे कोणी, हा त्यांचा प्रश्न मात्र रास्त. आमच्याकडे गड्याची चाळीस वर्षे ठरवतात. आणि हे नुसते बागेतले नव्हे: जपानात सेंदाई शहराची भुयारी रेल्वे १९८७ साली सुरू झाली ती याच फझी तर्काने वेग धरत नि ब्रेक लावत.

आता हो-नाहीचे शास्त्र ऐका. गेल्या हंगामात उन्हाने कैरी भाजून गळाली. विमावाले म्हणाले, पारा ठरलेल्या आकड्याच्या दोन दशांश खाली राहिला, भरपाई शून्य. त्यांचे तापमापक बागेपासून बारा किलोमीटरवर, खाडीच्या अंगाला! ‘अहो, दोन दशांशाने कैरी भाजायची थांबते का?’ तर उत्तर, ‘काका, नियमात बसत नाही.’ चार आणे नुकसान धरून चार आणे दिले असते तरी फवारणीचा खर्च सुटला असता. पण ते बहुधा अंदाजपंचे झाले असते.

जाता जाता, रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी दुपारच्या एसटीने येते, कधी येतच नाही. शब्दकोड्याचे उत्तर आधी, कोडे नंतर. याला आपल्या दप्तरी ‘अंक पोहोचला’ म्हणतात की ‘नाही पोहोचला’, तेवढे कळवावे.

— एक बागायतदार, ता. देवगड